जुना पेपर म्हणजे लॉटरी नव्हे ओ!

परवा आमच्या गल्लीच्या ग्रुपवर परत तोच मेसेज आला. आधी शहापूरच्या मावशींनी टाकला, मग खानापूरच्या मेहुण्यानं, मग निपाणीहून कुणीतरी. मेसेज असा की घरात १८५७ च्या बंडाचा किंवा त्या काळातल्या कुठल्याही लढाईचा पेपर असेल तर किंमत पाच लाख, जितका जुना तितका महाग, पिवळा पडून कुरकुरीत झालेला असेल तर शंभर टक्के ओरिजिनल, लगेच लॅमिनेट करून घ्या, फॉरेनचं गिऱ्हाईक तयार आहे, नोंदणी फी फक्त दीड हजार. खाली नमुना म्हणून फोटो. 'टाइम्स ऑफ इंडिया, जून १८५८', नरगुंदच्या बंडखोर संस्थानिक बाबासाहेबांच्या फाशीची बातमी, आणि मधोमध त्यांचा चक्क फोटो छापलेला.

मी पंधराएक वर्षं असले लढायांचे पेपर जमवतोय, फार नाहीत, एक ट्रंक भरेल इतके, म्हणून बोलतोय.

त्या नमुन्यापासनंच सुरू करूया. बाबासाहेबांना जून १८५८ ला फाशी झाली हे खरं, आपल्या बेळगावातच झाली हेही खरं. पण तेव्हा टाइम्स ऑफ इंडिया नावाचा पेपरच नव्हता ओ! १८३८ ला निघाला तो बॉम्बे टाइम्स, नवीन नाव लागलं १८६१ ला. मग बारसं व्हायच्या तीन वर्षं आधी नाव छापलं कुणी? आणि फोटो तर लईच झाला. पेपरात ठिपक्याठिपक्यांचे फोटो यायला लागले ते १८८० नंतर, त्याआधी सगळी चित्रं लाकडावर कोरून छापायचे. माझ्याकडं इलस्ट्रेटेड लंडन न्यूजचं १८५७ चं एक मोठं चित्र आहे. एवढं मोठं लाकूड एकसंध मिळायचं नाही म्हणून छोटे ठोकळे मागनं बोल्टनी आवळायचे, आणि घाई असली की एकेक ठोकळा वेगळ्या कारागिराकडं कोरायला जायचा. चित्र खिडकीपाशी धरून नीट बघितलं की सांध्याच्या केसाएवढ्या पांढऱ्या रेघा दिसतात, माझ्या चित्रात एका शिपायाच्या बरोबर कमरेतनं एक गेलीय. आणि पान उलटं करून बोट फिरवलं की छपाईच्या खिळ्यांचा, म्हणजे टाइपांचा, दाब हाताला लागतो. झेरॉक्सला हे कुठनं येणार?

आता पिवळेपणा. इथं तर मेसेज बरोबर उलटा आहे. साधारण १८६०-७० पर्यंत पेपरचा कागद चिंध्यांपासनं करायचे, नंतर लाकडाचा लगदा आला आणि त्यातलं लिग्निन (लाकडाला कडक करणारं द्रव्य) आणि ॲसिड कागदाला आतनं खात बसतं. त्यामुळं माझं १८५७ चं पान अजून मऊ आहे, घडी घातली तरी चालतं, आणि आजोबांनी ठेवलेला १९४२ चा पेपर उचलला की पापडासारखा मोडतो. शिवाय चहाच्या पाण्यात बुडवून पिवळा करता येतो तो वेगळाच. अमेरिकेच्या यादवी युद्धात विक्सबर्गला वेढा पडला, कागद संपला, तेव्हा तिथल्या डेली सिटिझननं २ जुलै १८६३ चा अंक भिंतीला लावायच्या वॉलपेपरच्या मागं छापला. दोन दिवसांनी शहर पडलं आणि आत आलेल्या सैनिकांनी खिळ्यांची तीच जुळणी वापरून, खाली आपल्या चार ओळी घालून परत छापला. नंतर आठवण म्हणून त्याच्या तीसेक तरी नकला निघाल्या, त्यातल्या कित्येक आता स्वतःच म्हाताऱ्या आणि पिवळ्या झाल्यात. आता सांगा!

जितका जुना तितका महाग, हेही नाही. त्याच युद्धातल्या हार्पर्स वीकलीचा साधा अंक आजही तसा स्वस्तात मिळतो, कारण तेव्हा ढिगानं छापले, आणि पुढं पानांचे बारीक फोटो फिल्मवर घेऊन मायक्रोफिल्म झाल्यावर लायब्रऱ्यांनी बांधीव गठ्ठेच्या गठ्ठे बाहेर काढले. भाव ठरतो तो आत बातमी काय आहे आणि प्रती किती उरल्या यावर.

लॅमिनेशन मात्र कृपा करून नको. ओळखीच्या एका काकांनी दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या बातम्यांचा १८९९ चा केसरी कॅम्पात नेऊन लॅमिनेट केला आणि हौसेनं मला दाखवायला आणला. काय बोलणार, गरम डिंकानं चिकटलेलं प्लॅस्टिक परत निघत नाही आणि ॲसिड आतच राहतं. सेलोटेप पण नको. आपल्याकडं चार महिने पाऊस आणि वर कसर, तेव्हा पान उलगडून, आडवं, ॲसिड नसलेल्या कागदात घालून लोखंडी कपाटात ठेवा, बास.

फीबद्दल काय सांगायचं, घेणारा माणूस विकणाऱ्याकडं कधी पैसे मागतो काय? आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात पंचाहत्तर वर्षांवरचे ऐतिहासिक दस्तऐवज बसतात, पुरावस्तू ठरली तर खाजगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे फॉरेनचं गिऱ्हाईक राहिलं बाजूला, तुम्हीच अडकाल.

माळ्यावर बघायचंच असेल तर १८६३ ला आपल्याच गावात निघालेला बेळगाव समाचार बघा. सुरुवातीच्या वर्षांतलं एकही पान मला अजून बघायला मिळालेलं नाही. कुणाकडं निघालं तर कळवा, कुंदा घेऊन येतो.