शांघाय नाही हो, चांगशा!

आधीच सांगून टाकतो, मी कुठल्याही टूर कंपनीचा माणूस नाही. गळ्यात लटकत होतं ते कारखान्याचं आयकार्ड होतं, निळ्या पट्टीचं, आणि निळी पट्टी हाच पुरावा मानायचा तर अर्धा चीन टूर मॅनेजर आहे. पण परवा संध्याकाळी डोंबिवलीच्या एका काकांनी लांबूनच माझी मिशी आणि ती पट्टी बघितली आणि नदीकाठी सगळ्यांसमोर ओरडले, "अहो मॅनेजर, पाण्याच्या बाटल्या कुठायत आमच्या?" मी म्हणालो, "मी नाही हो तो." आता हे मी मराठीत बोललो आणि विषय तिथेच संपला. मराठी बोलतोय म्हणजे आपला, आपला आहे म्हणजे धरा ही पर्स.

पर्स काकूंची होती. जड होती.

तर मी चाकणहून इथे चांगशाला ट्रेनिंगला आलोय. चाकणच का आणि चांगशाच का, तर पोकलेन, क्रेन, काँक्रीट पंप वगैरे अवजड मशीनरीचं हे माहेरघर आहे, सॅनी आणि झूमलायन या दोन्ही मोठ्या कंपन्या इथल्याच, सॅनीचा एक कारखाना आपल्या चाकणला आहे. मी नक्की कुणाकडे नोकरीला आहे ते जाऊ दे. मुद्दा असा की मी काही महिने या शहरात राहतोय, आणि घरी फोन केला की अजून बायको सोडून प्रत्येकजण विचारतो, "शांघाय कसं आहे?"

चांगशा ही हुनान प्रांताची राजधानी. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या एक कोटीच्या वर. शहराच्या मध्यावर आयएफएस नावाचा टॉवर उभा आहे, उंची 452 मीटर. आता 452 हा आकडा लक्षात ठेवा, कारण क्वालालंपूरच्या पेट्रोनास टॉवरची उंचीपण तेवढीच आहे. पेट्रोनासपुढे फोटो काढलेले माझ्या नात्यातले निदान सात-आठ लोक आहेत, एका मावसभावाने तर तो फोटो फ्रेम करून फ्रिजच्या वर लावलाय. आणि इथे तेवढाच उंच टॉवर मी रोज मेट्रोतून उतरून मान वर करून बघतो, त्याचा फोटो टाकला तर खाली कमेंट काय, "एआय आहे का रे?" दुसरी कमेंट, "दुबई छान!"

बरं, चांगशा एकटं नाही. नान्निंग कुणाला माहितीये? तिथे 403 मीटरचा टॉवर आहे. कुइयांगला एका बिल्डिंगवरून 108 मीटरचा धबधबा सोडलाय, कृत्रिम, पंपाने पाणी वर चढवून, फक्त विजेचं बिल असं येतं म्हणे की तो बहुतेक बंदच असतो, हे ऐकून मला जरा बरं वाटलं होतं. जगातल्या दोनशे मीटरच्या वरच्या इमारतींपैकी जवळपास निम्म्या चीनमध्ये आहेत आणि त्यातल्या कितीतरी अशा गावांत, ज्यांची नावं आपल्याकडे भूगोलाच्या पेपरातसुद्धा कधी आली नाहीत.

असो. काकांकडे येतो.

जागा म्हणजे शियांग नदी, आणि नदीच्या मधोमध पाचेक किलोमीटर लांब चिंचोळं बेट, ऑरेंज आयल. तिथून पूर्वेच्या काठावरची सगळी स्कायलाइन एका ओळीत दिसते आणि अंधार पडला की बिल्डिंगांवर लाइटिंग सुरू होतं. बेटाच्या टोकाला तरुण माओंचा प्रचंड पुतळा आहे, 32 मीटर, नुसतं डोकं आणि खांदे, केस वाऱ्यावर उडालेले. काकूंनी तो बघितला आणि म्हणाल्या, "साहित्यिक दिसतायत कोणीतरी." मी हसणार होतो पण माओंनी 1925 साली या बेटावर खरंच कविता केलेली आहे, त्यामुळे गप्प बसलो. काकूंचं बरोबर निघालं हेही मला त्या दिवशी टोचलंच.

मी गेलो होतो निवांत लाइटिंग बघायला. खऱ्या मॅनेजरचे दोन मेंबर मेट्रो स्टेशनात हरवले होते, तो त्यांना शोधायला गेलेला. उरलेला ग्रुप माझ्या स्वाधीन, म्हणजे कुणी दिला नव्हता, आपोआप झाला. दुसऱ्या दिवशी हे सगळे चांगचियाच्येला जाणार होते, ते दगडी सुळके आणि काचेचा पूल बघायला, आणि चांगशा म्हणजे त्यांच्यासाठी मधला मुक्काम.

काका कठड्याला टेकले, समोर बघितलं, आणि फोनमध्ये मोठ्याने व्हॉइस मेसेज रेकॉर्ड केला, "नमस्कार मंडळी, शांघायमधून शुभ संध्याकाळ."

मी म्हणालो, "काका, हे शांघाय नाही. चांगशा."

"तेच ते."

"तेच कसं? शांघाय इथून हजार किलोमीटर लांब आहे."

काकांनी माझ्याकडे जुन्या कॅशियरने फाटकी नोट बघावी तसं बघितलं. "हजार? अहो काल सकाळी शांघायला नाश्ता करून गाडीत बसलो, जेवायच्या वेळेला इथे. पाच तास. पाच तासात आमच्याकडे डोंबिवलीहून कोल्हापूर होत नाही, खंबाटकीला ट्रॅफिक लागला तर साताराही होत नाही. हजार किलोमीटर कसे होतील? उपनगर आहे हे."

मी बुलेट ट्रेन, ताशी तीनशे वगैरे सांगायचा प्रयत्न केला. काका म्हणाले, स्पीड डब्यात लिहिलेला दिसत होता, पण डिस्प्लेवर काय, काहीही लिहितात. काकूंनी मध्येच सांगितलं की चहा अजिबात हिंदकळला नाही म्हणजे गाडी हळूच असणार. या युक्तिवादाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजून नाहीये.

आणि यात सगळ्यात संताप कशाचा, तर त्यांचा मेसेज गेला. लगेच, दोन निळ्या टिका. काकांकडे भारतातलं सिम, रोमिंग पॅक, त्यामुळे त्यांचं व्हॉट्सॅप गुळगुळीत चालू. माझ्याकडे इथलं सिम, त्यावर व्हॉट्सॅपला बंदी, म्हणजे ती बंदी चुकवायची आडवाट, व्हीपीएन, लागला तर लागला. ज्याला शहराचं नाव माहीत नाही त्याला नेटवर्क, आणि ज्याला माहितीये तो गोल फिरणारं चक्र बघत बसलाय.

मग मी जरा पेटलो. म्हणालो, काका, या गावाला साधं समजू नका. इथे एका कंपनीने 2015 साली 57 मजल्यांची इमारत 19 दिवसांत उभी केलीये.

काका पहिल्यांदा गप्प झाले. नंतर कळलं की ते सोसायटीचे सेक्रेटरी आहेत आणि त्यांच्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट कित्येक वर्षं नुसतं मीटिंगमध्येच चाललंय. 19 दिवस हा आकडा त्यांनी दोनदा पुटपुटला. काकूंकडे बघितलं. आणि मग मान तिरकी करून विचारलं, "क्युरिंग?"

"काय?"

"स्लॅब टाकला की पाणी मारायला लागतं ना? गोणपाट घालून? एकवीस दिवस तर नुसतं पाणी मारायला हवं. 19 दिवसांत 57 मजले म्हणजे पाणी मारलंच नाही."

मी सांगितलं की ते स्टील आहे काका, सगळे भाग कारखान्यात तयार करून आणले, जागेवर नुसते नटबोल्ट आवळले. मी इंजिनिअर आहे, मला हे नीट समजावता येतं, हातवारे करून समजावलं, पर्स एका हातात आणि दुसऱ्या हाताने कॉलम-बीम दाखवले. आजूबाजूची चार चिनी पोरं थांबून बघायला लागली. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि निकाल दिला.

"गळणार."

"काका, दहा वर्षं झाली, उभी आहे ती."

"उभी असेल हो. गळत असणार. आमच्या वरच्या मजल्यावरचे पण कबूल करत नाहीत."

मग मी त्याच कंपनीची पुढची गोष्ट सांगितली, जी खरं तर सांगायला नको होती, पण बोलायच्या भरात निघून गेली. त्यांना इथेच 838 मीटरचा टॉवर बांधायचा होता, बुर्ज खलिफापेक्षा बरोबर दहा मीटर जास्त. 2013 च्या जुलैमध्ये भूमिपूजन पण झालं. पुढे काम थांबलं ते थांबलंच, आणि पायाच्या खड्ड्यात पाणी साचून लोकांनी तिथे मासे पाळले.

काकांचा चेहरा असा काही उजळला की समोरची लाइटिंग फिकी पडली. "खड्डा राहिला?"

"हो."

"मासे?"

"हो."

"बघा!" ते काकूंना म्हणाले. "मी सांगत होतो ना. आधी सह्या करायच्या नाहीत कुठे." आणि त्यांनी ताबडतोब सोसायटीच्या ग्रुपवर दुसरा व्हॉइस मेसेज टाकला, ज्यात शांघायला बिल्डरने खड्डा खणून लोकांना फसवल्याची माहिती होती. शांघायला! दोन निळ्या टिका.

आता मी हसून सांगतोय, पण मला खरंच राग येतो. म्हणजे काकांचा नाही, काका गोड आहेत. राग याचा की हे शहर 1938 साली जवळजवळ जळून खाक झालं होतं, जपानी फौजा येतायत या भीतीने चिनी सैन्यानेच आग लावली, आणि तिथून हे उभं राहिलंय. इथली पहिली मेट्रो 2014 ची, पुण्याच्या आठच वर्षं आधीची, आणि आज जाळं दोनशे किलोमीटरच्या पुढे गेलंय. मी इथल्या हॉस्टेलमधून ट्रेनिंगला जाताना पुस्तक वाचतो. चाकणला मी तळेगाव चौकात एका जागी उभं राहून पुस्तक वाचलंय, स्टेअरिंगवर ठेवून, आणि ट्रेलरवाल्याने वाकून विचारलं होतं, शेवट काय झाला. सगळं गोग्गोड आहे असंही नाही म्हणत मी. खिडकीतून बघितलं तर 33-34 मजल्यांच्या एकासारख्या एक राहत्या बिल्डिंगांचं रान आहे, का तर शंभर मीटरच्या वर गेलं की आगीचे नियम कडक होतात, मध्ये रिकामा मजला सोडावा लागतो, म्हणून सगळे बिल्डर शंभरच्या जरा खाली येऊन थांबतात. रात्री त्यातल्या बऱ्याच खिडक्या काळ्या असतात. तिकडे तिआनजिनला 597 मीटरचा टॉवर 2015 ला टोकापर्यंत पोचला आणि मग वर्षानुवर्षं नुसता उभा होता, आत कोणी नाही. शेवटी सरकारनेच 2021 ला सांगितलं, पाचशे मीटरच्या वर आता नाही, आणि तीस लाख वस्तीच्या खालच्या गावांनी तर अडीचशे मीटरचं नावच काढायचं नाही. म्हणजे बघा, इथे वर जाऊ नका म्हणून नियम करावा लागतो.

तर लाइटिंग सुरू झालं. पूर्ण काठ एकदम पेटला, बिल्डिंगांवरून रंग धावायला लागले, पाण्यात सगळं उलटं दिसायला लागलं, आणि त्या क्षणी माझ्या हातात ग्रुपमधल्या सगळ्यांचे फोन होते. एकेकाच्या फोनवर एकेक ग्रुप फोटो, म्हणजे तोच फोटो, पण "आमच्यात पण काढा".

मी आपला प्रामाणिकपणे गुडघ्यावर बसून फ्रेम लावली, आयएफएसचं टोक येईल अशी. काकू ओरडल्या, "खालचं येतंय का?"

"खालचं थोडं कटतंय काकू, पण टॉवर अख्खा येतोय."

"टॉवर कापा हो! पाय कापू नका. बूट नवीन आहेत."

सगळ्यांचेच नवीन होते. ट्रिपसाठी एकाच दुकानातून घेतलेले, पांढरे, जाड सोलचे. तर आता त्या सगळ्या फोनमध्ये बारा-चौदा जोड्या पांढरे बूट अगदी लख्ख आहेत आणि त्यांच्या मागे 452 मीटरच्या टॉवरचे साधारण खालचे तीस मजले. पेट्रोनासचं असं कुणी करेल?

मी फोन परत करतोय तोपर्यंत खरा मॅनेजर हरवलेले दोघे घेऊन आला, आणि मला म्हणाला, "थँक्यू हं, पुढच्या वेळेस जरा एका जागी ठेवा यांना." मला! मी काही बोलणार तेवढ्यात दिवे मालवायची वेळ झाली आणि आयएफएस गेला. मी एकदाही नुसता उभा राहून तो बघितला नाही.

चांगशाने काकांना शेवटी जिंकलं ते मेट्रो स्टेशनजवळच्या एका टपरीवर. तिथे पाकिटात सुपारी मिळते. हुनानमध्ये सुपारीचं जबरदस्त वेड आहे, टॅक्सीवाले, गवंडी, सगळे चघळत असतात, सालासकट वाळवून मसाला लावलेली, तोंडाच्या कॅन्सरची भीती म्हणून सरकारने टीव्ही-रेडिओवरच्या जाहिराती बंद केल्या तरी सुटत नाही. काकांनी पाकीट उलटंसुलटं केलं, वास घेतला, एक तोंडात टाकली, घाम फुटला, काकूंकडे पाठ करून दुसरी टाकली. म्हणाले, "शांघायचे लोक सुपारी खातात हे आपल्याला कुणी सांगितलंच नाही."

मी काही बोललो नाही. नंबर मागितला, दिला.

आज व्हीपीएन जरा वेळ लागला तर काकांचे ढीगभर मेसेज येऊन पडले. बुटांचा फोटो, खाली "शांघाय बाय नाइट". मग काचेच्या पुलावरचे बूट. आणि शेवटी एक लांबलचक व्हॉइस मेसेज, की पुढच्या महिन्यात सोसायटीची मीटिंग आहे, बिल्डरचा माणूस येणार आहे, तुम्ही भारतात आलात की तेवढी एक चक्कर डोंबिवलीला मारा आणि ते 19 दिवसांचं त्याला समजावून सांगा, हातवारे करून सांगितलं होतं तसंच, फक्त गळणार नाही हे लेखी द्या.

अजून उत्तर दिलेलं नाही. व्हीपीएन चालत नव्हता म्हणून सांगेन.