बाराखडी पाठ, पण शब्दकोश बंद

बहुतेक शब्दकोशांत प्रत्येक पानाच्या वर दोन शब्द छापलेले असतात. एक त्या पानावरचा पहिला, दुसरा शेवटचा. शाळेत मला हे कोणी सांगितलंच नाही. आजही बरीच मुलं शब्द शोधताना पानभर बोट फिरवत बसतात.

समजा वर ‘पणती’ आणि ‘पतंग’ आहे. ‘पडदा’ हवा असेल तर मागे जा, कारण ड हा ण च्या आधी. ‘पदर’ हवा तर पुढे. ‘पत’ मात्र इथेच. आता ‘पत्र’? इथे भलेभले अडकतात. जोडाक्षर नेहमी त्या अक्षराची सगळी बाराखडी संपल्यावर येतं. म्हणजे पत, पता, पति, पतौ पर्यंत सगळं उरकलं की मग पत्ता, पत्र. चांगलं पुढे जावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच की आपण बाराखडी घोकून घेतो, पण ती शब्द शोधायची वाट आहे हे सांगायचं विसरतो. पहिली-दुसरीत पाठ झालेला क्रम पाचवीत शब्दकोश उघडून वापरायला लावला, तर त्या घोकंपट्टीचं काही तरी चीज होईल.

‘मोबाईलवर सापडतं की’ हे उत्तर ठरलेलं. सापडतं, शुद्धलेखन बरोबर असेल तर! ऱ्हस्व-दीर्घ चुकलं की शोधखिडकी बऱ्याचदा हात वर करते. छापील कोशात ‘ि’ आणि ‘ी’ चे शब्द बऱ्याचदा जवळजवळ असतात, त्यामुळे चुकलेल्यालाही बरोबर शब्द दिसू शकतो. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोश (पहिली आवृत्ती १८३१) आता इंटरनेटवर आहे, मीही तिथेच बघतो, पण शेजारचे चार शब्द आपसूक वाचले जातात ते कागदावर.

आणखी एक अडचण मराठीची स्वतःची. ‘गेला’ शोधाल तर अर्थ मिळेल ‘जाणे’खाली. ‘पाण्यात’ साठी ‘पाणी’ गाठायचं. वरचे दोन शब्द पान दाखवतात, मूळ रूप आपल्यालाच ओळखावं लागतं. व्याकरणाच्या तासाला सामान्यरूप शिकवताना हा खेळ घेता येईल, नाही का?

क्रमही सगळीकडे सारखा नाही. ‘क्ष’ काही कोशांत क च्या पोटात, काहींत पार शेवटी. अनुस्वाराचंही तसंच. तेव्हा शिक्षकांनो, वर्गासाठी कोश घेतलात तर मुलांच्या हाती देण्याआधी ‘अंक’ आणि ‘क्षमा’ कुठे आहेत ते एकदा बघून ठेवा.