बर्फ धरला की गॅस भरा? जरा थांबा

पावसाळा सरून बोटी पुन्हा पाण्यात उतरल्या की बोटीच्या एसीबद्दलचा तो मेसेज फिरायला लागतो. मी हे एसी दुरुस्त करतो. यंदा मला तीन ग्रुपवर आला, आणि एका बोटमालकांनी ‘बघा, तुमचं काम सोपं केलंय’ म्हणून वेगळा धाडला. मजकूर थोडक्यात असा: बोटीच्या एसीवर बर्फ धरला म्हणजे त्यातला गारवा आणणारा गॅस कमी झाला. हेलकाव्यांनी गॅस उडतो, म्हणून दर सीझनला टॉप-अप करा. समुद्राच्या पाण्याचा स्ट्रेनर (गाळणी) साफ ठेवा, बर्फ धरणार नाही. सेटिंग 16 वर आणि पंखा स्लो ठेवा. हवा खेळती राहावी म्हणून हॅच (केबिनच्या वरचं झाकण) थोडा उघडा ठेवा. तरीही बर्फ आलाच तर स्क्रूड्रायव्हरने हलकेच खरवडा. शेवटी फिल्टर धुण्याची आठवण, हात जोडलेला इमोजी आणि ‘सर्व बोटधारकांना पाठवा’.

फिल्टरचं एक सोडलं तर यातलं काहीच पूर्ण बरोबर नाही. आणि काही गोष्टी तर अशा आहेत की त्या केल्या की बर्फ हमखास धरतो.

आधी युनिट डोळ्यांसमोर आणू. घरच्या स्प्लिटसारखा बोटीच्या एसीला बाहेर भिंतीवर टांगलेला डबा नसतो. बहुतेक बोटींत सगळं एकाच चौथऱ्यावर बसवलेलं असतं, तेही बाकाखाली नाहीतर बर्थखाली: गॅस दाबणारा कॉम्प्रेसर, हवा गार करणारं कूलिंग कॉइल, हवा फेकणारा ब्लोअर आणि गॅसची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर. कंडेन्सर गार करायला पंखा नाही, समुद्राचं पाणी. बोटीच्या तळाच्या भोकातून पाणी आत येतं, स्ट्रेनरमधून पंपात, पंपातून कंडेन्सरला वळसा घालून कडेच्या भोकातून धार बनून बाहेर. ही झाली पाण्याची बाजू. केबिनमधली हवा ग्रिलमधून आत ओढली जाते, गार कॉइलवरून जाते आणि डक्टमधून परत केबिनमध्ये येते. ही हवेची बाजू. बर्फ धरतो तो हवेच्या बाजूला, कूलिंग कॉइलवर. मेसेज लिहिणाऱ्याने या दोन बाजूंची सरमिसळ केली आहे.

आता पहिला मुद्दा, आणि सगळ्यात महागात पडणारा. बर्फ म्हणजे गॅस कमी.

कॉइलचा पृष्ठभाग शून्य अंशाच्या खाली गेला की त्यावर पडणारा दमटपणा गोठतो. एवढंच. तो शून्याखाली का गेला, याची दोन मोठी कारणं. एक, कॉइलमध्ये गॅस कमी आहे, त्यामुळे आतला दाब पडलाय. दोन, गॅस पुरेसा आहे, पण कॉइलमध्ये तो द्रवरूपात येतो, आणि त्याला उकळून वायू व्हायला लागणारी उष्णता आणून देणारी हवाच कमी येतेय. दोन्हींत दाब पडतो आणि दोन्हींत बर्फ धरतो. माझ्या कामात दुसरं कारण पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा सापडतं.

गंमत अशी की बर्फ धरलेल्या कॉइलवर दाब मोजणारं गेज लावलं तर ते कारण काहीही असो, दाब कमीच दाखवणार. हल्लीच्या बऱ्याच युनिटांत आर-410ए नावाचा गॅस असतो. शून्य अंशाला त्याचा दाब साधारण 100 पीएसआय. जुन्या आर-22 चा त्याच तापमानाला 57-58. कॉइल गोठलंय म्हणजे काटा या आकड्यांच्या आसपास किंवा खाली असणारच. मेकॅनिक काटा बघतो, म्हणतो ‘गॅस कमी आहे साहेब’, आणि सिलिंडर उघडतो. खोटं तो बोलत नाही, फक्त गेज चुकीच्या वेळी लावलेलं असतं.

मांडव्याला एका बोटीवर याची पूर्ण साखळी बघायला मिळाली. पुढच्या केबिनचा एसी रात्री बर्फ धरायचा. कुणीतरी येऊन गॅस भरला. दोन दिवस बरे गेले, पुन्हा बर्फ. पुन्हा गॅस. मग दुपारच्या वेळी, बर्फ नसताना, युनिट ‘हाय प्रेशर’ दाखवून बंद पडायला लागलं. साहजिक आहे. अशा युनिटमध्ये गॅस मुळात किलोभरही नसतो. त्यात दोनदा अंदाजाने भर घातल्यावर कंडेन्सरच्या बाजूचा दाब चढणारच. पण हाय प्रेशर म्हटल्यावर संशय गेला पाण्याच्या पंपावर. नवा पंप बसवला. ट्रिप होणं थोडं कमी झालं, बर्फ होता तसाच. त्यानंतर मला फोन.

बर्थची गादी उचलली. खाली फळी, फळीखाली युनिट, आणि युनिट आणि ग्रिल यांच्यामधल्या जागेत केशरी लाइफ जॅकेटं, एकावर एक दाबून कोंबलेली. सात निघाली. आठवं कॉइलच्या तोंडालाच चिकटलेलं होतं, त्याचा पट्टा ओला गार. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, म्हणाला, “साहेब, सर्व्हेला जॅकेटं बोटीवरच लागतात, ठेवू कुठे?” त्याचंही खरंच. जॅकेटं मागच्या लॉकरमध्ये गेली, गॅस पूर्ण काढून युनिटच्या पाटीवर लिहिलेल्या वजनाइतका तोलून भरला, आणि ती केबिन सीझनभर बर्फाशिवाय चालली. जुना पंप अजून चांगला होता. मालकांनी तो स्पेअर म्हणून ठेवलाय.

मग गॅस खरंच कमी आहे हे ओळखायचं कसं? बर्फ पूर्ण वितळू द्या, फिल्टर काढून बाजूला ठेवा, पंखा फुल करा, एसी चालू करा आणि कॉइलकडे टॉर्च मारून बघत बसा. गॅस कमी असेल तर बारीक नळी कॉइलमध्ये शिरते त्या कोपऱ्यात आधी पांढरं धरतं, बाकीचं कॉइल कोरडं किंवा कोमट राहतं. हवा कमी असेल तर सगळ्या कॉइलवर सारखाच पातळ थर येतो, आणि कधीकधी जाड पाइपावरून पांढरं थेट कॉम्प्रेसरपर्यंत सरकतं. ते दिसलं तर लगेच बंद करा. न उकळलेला गॅस पातळ स्वरूपातच कॉम्प्रेसरमध्ये चाललाय, आणि कॉम्प्रेसर वायू दाबायला बनवलाय, द्रव नव्हे.

दुसरी खूण स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरची. आत जाणारी हवा आणि बाहेर पडणारी हवा यांत साधारण 8 ते 11 अंशांचा फरक असावा. फरक याहून बराच मोठा, पण हवेचा जोर लेचापेचा, तर वाऱ्याची वाट कुठेतरी अडलीय. हवा जोरात येतेय पण फरक 4-5 अंशांचाच, तर गॅसकडे बघा.

टॉप-अपबद्दल फार लिहायला नको. गॅस म्हणजे डिझेल नव्हे, तो खर्च होत नाही. बंद नळ्यांत फिरत राहतो. कमी झाला तर कुठून तरी गळतोय, आणि हेलकाव्यांनी तो उडत नाही. हेलकाव्यांनी, कंपनांनी आणि खाऱ्या हवेने जोड मात्र सैल होतात, पाइप गंजतो, एकमेकांवर घासून झिजतो. तिथे तेलकट डाग दिसतो, कारण गॅसबरोबर थोडं तेलही बाहेर येतं. आधी तो डाग शोधायचा, गळती बंद करायची, मग नळ्यांतली हवा पंपाने ओढून काढून (व्हॅक्यूम करून) वजनाने गॅस भरायचा. गळती तशीच ठेवून दर ऑक्टोबरला टॉप-अप करणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतत बसणं.

स्ट्रेनरचा मुद्दा अर्धवट माहितीतून आलाय. स्ट्रेनर साफ ठेवाच, मुंबईच्या बंदरात तर गाळ, प्लास्टिकच्या पिशव्या आणि जेलीफिश यांनी तो आठवड्यात भरतो. पण तो तुंबला तर काय होतं? कंडेन्सर तापतो, दाब चढतो, युनिट हाय प्रेशरवर बंद पडतं. बर्फ धरत नाही. उलट तापलेल्या बाजूचा चढलेला दाब बारीक नळीतून कॉइलमध्ये जास्तच गॅस ढकलतो. पाण्याचा आणि बर्फाचा संबंध उलट्या दिशेने येतो: पाणी फार थंड असेल तर दाब पडतो आणि कॉइल गोठायला मदत होते. थंड देशांतल्या बोटींना हा त्रास खरोखर होतो. आपल्याकडचं समुद्राचं पाणी जानेवारीतही विशीच्या वरच असतं. तिकडचा सल्ला इकडे येताना वाटेत कुठेतरी उलटा झाला असावा.

सोळाचं सेटिंग आणि स्लो पंखा. ही जोडी सांगणाऱ्याला माझा खास नमस्कार, कारण रात्री अकरा वाजताचे माझे निम्मे फोन यातूनच येतात.

साध्या युनिटचा कॉम्प्रेसर एक तर चालू असतो, नाहीतर बंद. 16 ठेवल्याने तो जास्त जोराने चालत नाही, फक्त थांबत नाही. कॉइल आत येणाऱ्या हवेपेक्षा साधारण 18-20 अंशांनी गार असतं. केबिन 26 अंश असताना कॉइल सहा-आठ अंशांवर, काही अडचण नाही. पण रात्री बाहेर गारवा, केबिनचं दार बंद, आत दोन माणसं झोपलेली. केबिन उतरत उतरत 19 वर आली की कॉइल शून्याला टेकतं. सेटिंग 16 वर असल्याने कॉम्प्रेसर थांबायचं नावच घेत नाही. त्यात पंखा स्लो, म्हणजे कॉइलला ऊब आणणारी हवाही कमी. हवा हाताला गार लागते, खरं आहे, पण येते थोडी. मग पहिला पातळ थर धरतो. हिमाचा थर उष्णता अडवतो आणि कॉइलच्या पातळ पत्र्यांमधली हवेची वाटही बुजवतो. हवा आणखी कमी, थर आणखी जाड. पहाटे चारला कॉइल म्हणजे बर्फाची लादी, आणि केबिनमधली माणसं घामाघूम. सेटिंग 23-24, पंखा फुल. मालकांना पटत नाही, पण एक रात्र करून बघितली की पटतं.

उघडा हॅच. कोकणातली हवा आत घ्यायची म्हणजे वाफ आत घ्यायची. इथे एक बारकावा आहे: दमट हवेने कॉइल आपोआप शून्याखाली जात नाही, उलट तिच्यातली वाफ पाणी होताना कॉइलला उष्णताच देते. पण कॉइल दुसऱ्या कारणाने गोठायला टेकलेलं असेल तर बर्फाला कच्चा माल हाच दमटपणा पुरवतो, आणि केबिन कधीच सेटिंगला पोचत नाही, म्हणून कॉम्प्रेसरला विश्रांती नाही. हॅच बंदच बरा.

स्क्रूड्रायव्हर? कॉइलचे पत्रे ॲल्युमिनियमचे, कागदाइतके पातळ, आणि त्यांच्याआड तांब्याची नळी. खरवडताना टोक नळीत घुसलं तर ज्याच्या कमतरतेवर तुम्ही इतका वेळ संशय घेत होतात तो गॅस आता खरोखरच संपला. कूलिंग बंद करा, नुसता पंखा फुलवर ठेवा. युनिटला हीट मोड असेल तर थोडा वेळ तो लावा. अर्धा-पाऊण तास, जाड लादी असेल तर दोन तासही लागतात. खालच्या ट्रेमधून पाणी नीट वाहून जातंय ना तेवढं बघा, नाहीतर ते बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी) किंवा गादीखाली. हेअर ड्रायर चालतो, पण ओल्या फळीवर अनवाणी बसून नको.

राहता राहिला फिल्टर. तो धुवा म्हणतात ते बरोबर, फक्त तिथे थांबू नका. ग्रिलवर टिश्यू पेपर धरा, तो चिकटून राहिला पाहिजे. खाली पडला तर फिल्टरच्या मागे कॉइलवर साचलेल्या केसांच्या आणि धुळीच्या थराकडे बघा. मग डक्ट हाताने चाचपा, कुठे दबलाय, कुठे वळणावर मोडलाय. सहा इंची डक्टच्या जागी कुणी ‘जागा नव्हती’ म्हणून चार इंची लावला असेल तर वाट निम्म्याहूनही कमी झाली, नुसता फिल्टर धुऊन ती रुंद होणार नाही. गार हवेचं ग्रिल परतीच्या ग्रिलच्या अगदी शेजारी असेल तर तीच गार हवा पुन्हा आत ओढली जाते, त्याची दिशा वळवा. आणि सगळ्यात आधी गादी उचलून खाली कुणी काय कोंबलंय ते बघा. मला आजवर जॅकेटं, दोरांची वेटोळी, कोलमडलेलं फोल्डिंग टेबल आणि एकदा बांगड्याच्या लोणच्याची बरणी सापडलीय. बरणीचं झाकण घट्ट होतं, म्हणून बरं.