विनिपेगचा उकाडा आणि अकोल्याचा मी

मी अकोल्याचा. मे महिन्याच्या भर दुपारी, ४४ अंशांत, शाळेमागच्या मैदानावर क्रिकेट खेळून मोठा झालेला माणूस. त्यामुळे कॅनडातल्या विनिपेगला आलो तेव्हा इथल्या उन्हाळ्याला मी हिंग लावूनही विचारत नव्हतो. मे महिन्यात लोक दुकानातून टेबलफॅन उचलत होते आणि मी अंगात स्वेटर घालून त्यांना हसत होतो.

जुलैत पारा ३३ वर गेला. आईला फोन केला, "फार उकडतंय गं."

"किती आहे?"

"तेहतीस."

पलीकडून मामानं फोन ओढून घेतला. "अबे, मे महिन्यात आमच्या इथं दूधवाला येतो तेव्हा असतं तेवढं!"

आता मामाला काय सांगणार? हे घर उणे पस्तीससाठी बांधलेलं. भिंतींत कापसासारखा जाड थर, खिडक्यांना दुहेरी काचा, फट औषधालाही नाही. जे घर जानेवारीत ऊब बाहेर सोडत नाही, ते जुलैत कशाला सोडेल? छताला पंखा सोडाच, पंख्याचा हूकही नाही. खिडकी चार बोटं सरकते आणि अडते. त्यात सूर्य मावळतो रात्री साडेनऊला, आणि माझी खोली पश्चिमेची. जेवायच्या वेळी भिंतीवर भाकरी शेकून निघाली असती.

शिवाय हवा दमट. नुसत्या पाऱ्यावरून हा चिकचिकाट कळत नाही म्हणून कॅनडावाल्यांनी वेगळा आकडाच काढलाय, ह्युमिडेक्स. इथून जवळच्या कारमन गावात २००७ च्या जुलैत तो ५३ झाला होता. मामाला कळवलं.

"ते झालं 'वाटतं'. खरं किती?"

मग मी हुकमाचा एक्का काढला. जून २०२१, कॅनडातल्याच ब्रिटिश कोलंबिया प्रांतातलं लिटन गाव, ४९.६ अंश. अगदी खराखुरा पारा. मामा दोन दिवस गप्प. तिसऱ्या दिवशी दबक्या आवाजात विचारलं, "म्हणजे... अकोल्यापेक्षा जास्त?" घरातलं कोणी नापास झाल्यासारखा आवाज होता.

पंखा घ्यायला गेलो तर फळीवर नुसती किमतीची पट्टी उरलेली. शेजारच्या आजींना गाऱ्हाणं सांगितलं. "तू तर भारतातला! तुला सवय असेल," म्हणत त्या स्वतः बर्फाच्या पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. तरी जुना पंखा दिला, बिचाऱ्यांनी.

मी अकोल्याचं डोकं लावलं. पंख्यापुढे ओला पंचा टांगला, झाला कूलर! कूलर चालतो तो विदर्भाच्या कोरड्या हवेवर, हे मात्र विसरलो. सकाळी पंचा जसाच्या तसा ओला आणि मी ढोकळ्याच्या भांड्यात निजल्यासारखा.

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल. मला पाहून ती दचकलीच.

"अरे, उघडा काय बसलास असा? कॅनडात आहेस ना? अंगात काहीतरी घाल आधी!"