अंधाराची सोय

माझा छंद अंधाराचा आहे आणि आमचे घर डोंबिवलीत दोन खोल्यांचे आहे, या दोन वाक्यांत माझी सगळी अडचण येते. १९४० आणि १९५० च्या दशकांत हॉलिवूडच्या कडेकडेच्या स्टुडिओंत तुटपुंज्या पैशांत निघालेले आणि पुढे विस्मरणात गेलेले कृष्णधवल गुन्हेपट शोधून पाहायचे आणि त्यांची टिपणे दोनशे पानी वहीत उतरवायची, एवढाच तो छंद. या जातीच्या चित्रपटांना १९४६ मध्ये नीनो फ्रांक या फ्रेंच समीक्षकाने ‘फिल्म न्वार’, म्हणजे काळा चित्रपट, म्हटले. त्यांच्याकडे रात्री काळोख होत असावा. आमच्याकडे देवघरातला लाल दिवा, पाण्याच्या फिल्टरचा निळा दिवा आणि जिन्यातली ट्यूब रात्रभर जागी असते. त्यामुळे पडद्यावरच्या काळ्याकुट्ट बोळात खुनी दबा धरून बसलेला असताना तिथे मला बहुधा केसांना चिमटा लावलेली मीच दिसते.

‘डीटूर’ (१९४५) हा माझा विशेष लाडका चित्रपट आहे. एडगर उल्मर यांनी तो पीआरसी नावाच्या इतक्या गरीब कंपनीसाठी काढला, की न्यूयॉर्कचा रस्ता उभारण्याऐवजी धुके सोडून भागवले आहे. त्याचा कॉपीराइट कोणी राखला नाही, म्हणून झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तशा त्याच्या प्रती झाल्या, आणि त्यांतली बहुधा सर्वांत शेवटची माझ्या वाट्याला आली. त्या धुक्यावर मी दीड पान लिहिले. पुढे २०१८ मध्ये दुरुस्त झालेली प्रत पाहिली, तेव्हा कळले की त्यातले अर्धे पान धुक्यावर होते आणि उरलेले, ‘नायकाच्या मनातले मळभ’ वगैरे, फिल्मवरच्या मळावर होते.

याहून मोठी फजिती गाड्यांनी केली. नायक न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसकडे, लोकांच्या गाड्यांना अंगठा दाखवत निघतो. नकाशावर पश्चिम डावीकडे असते, म्हणून त्याचा प्रवासही उजवीकडून डावीकडे दिसावा यासाठी काही दृश्यांची निगेटिव्ह उलटी छापली, असे सांगतात. परिणामी अमेरिकेतल्या गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात आणि चालक उजवीकडे बसतो. जगभरचे रसिक ज्या चुकीला हसतात, ती मी चार वेळा पाहूनही मला दिसली नाही, कारण कल्याण-शीळ रस्त्यावर ती चूक नसून नियम आहे. (तोही क्वचितच पाळला जातो, हे वेगळे.)

सासूबाई मात्र या चित्रपटांतले खरे छिद्र पहिल्या अर्ध्या तासात शोधतात. नायकाला गाडीत घेणारा गृहस्थ वाटेत मरतो आणि आपल्यावर आळ येईल या भीतीने नायक त्याचे कपडे, पैसे आणि नाव घेऊन पुढे निघतो, इथवर आलो की त्या विचारतात, “अगं, पण हा सरळ पोलिसांत का जात नाही?” या प्रश्नापुढे निम्मी फिल्म न्वार परंपरा टिकत नाही. अॅन सॅव्हेजने रंगवलेली व्हेरा नायकाला फैलावर घेऊ लागली तेव्हा त्यांनी “ही बाई कामाची आहे” असा शेरा दिला. गुन्हेगार मोकळा सुटता कामा नये, असा त्या काळी हॉलिवूडचा दंडक होता, म्हणून शेवटी पोलिसांची गाडी त्याला उचलते. “नेलंच ना शेवटी? आधीच गेला असता तर आपलीही झोप झाली असती.”

म्हणून गेल्या शनिवारी मी मुद्दाम ‘डी. ओ. ए.’ (१९५०) लावला. त्याच्या आरंभीच एडमंड ओब्रायन लांबलचक मार्गिका तुडवत पोलिसांच्या कचेरीत शिरतो आणि खुनाची तक्रार नोंदवायची आहे म्हणतो. खून कोणाचा, असे विचारल्यावर सांगतो, माझा. सासूबाई सावरून बसल्या. “हा शहाणा आहे,” म्हणाल्या, आणि आमच्या संसारात प्रथमच दोघी एका चित्रपटाला सलग बसलो. त्याच्या पोटात गेलेले विष अंधारात चमकणारे आहे. डॉक्टर खोलीतला दिवा मालवून नळी समोर धरतात. मी श्वास रोखला आणि त्याच क्षणी आमची ट्यूब दोनदा फडफडून लख्ख पेटली.

“साडेदहा वाजले,” सासूबाई गोळीचे पाकीट शोधत म्हणाल्या. “तू बघ, मला काही त्रास नाही.”