फक्त हुक राहिलेत
कालपासून मी दोघांशी बोलत नाहीये: टेलर आणि भाची. टेलरला ते अजून कळलेलंच नाही.

रविवारी लग्न, ब्लाउजचा वायदा टळून नऊ दिवस झालेले. मास्तर जेवायला गेलेत म्हणून आम्ही दुकानातल्या बाकड्यावर. भाचीने कोड्यांचं पुस्तक काढलं. एका बेटावर काही जण कायम खरं बोलतात, बाकीचे कायम खोटं. दोघं भेटतात, पहिला म्हणतो, "आम्ही दोघंही खोटारडे." तर कोण कसा?

"दोघंही खोटारडे. स्वतःच कबूल करतोय की!" मी म्हणाले. सातवीतल्या मुलीने एवढ्या दयेने कुणाकडे बघू नये.

शेजारी एक आजी नातीचा परकर न्यायला आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कुठलं गं हे बेट?"

"कुठलंच नाही हो आजी, कोड्यातलं."

"मग तिथे सोयरिकी कशा जमतात? मुलाचा पगार विचारायचा कुणाला?"

"आजी, उत्तर सांगा ना."

"त्यात काय सांगायचं? पहिला लबाड, दुसरा सरळ. आमच्या थोरल्या जाऊबाई अश्शाच. चारचौघांत म्हणायच्या, आम्ही दोघी मेल्या आळशी. आणि पहाटे पाचला पाणी कोण भरायचं? मी!"

"बरोबर!" भाची ओरडली. आणि एका दमात मला समजावलं: खरं बोलणारा स्वतःला खोटारडा म्हणेलच कसा? म्हणजे पहिला खोटा, त्याचं वाक्यही खोटं, मग दुसरा तरी खरा हवाच. पटलं. पण जावेवरून काढलेल्या उत्तराला पूर्ण मार्क? मला कॉलेजात पायऱ्या लिहिल्या नाहीत म्हणून शून्य मिळायचं.

असली कोडी लोकप्रिय केली रेमंड स्मलियन या अमेरिकन तर्कशास्त्रज्ञाने, 1978 सालच्या पुस्तकातून. गृहस्थ जादूचे प्रयोगही करत. त्यांचंच तीन देवांचं एक कोडं 1996 मध्ये जॉर्ज बूलोस यांनी जगातलं सर्वांत अवघड म्हणून छापलं. देव 'दा' किंवा 'जा' एवढंच बोलतात आणि त्यातलं 'हो' कुठलं ते आपल्याला माहीत नसतं. आमचे मास्तर 'बघतो' म्हणतात. त्याचं कोडं कुणी छापत नाही.

तेवढ्यात मला दोन दारांचं कोडं आठवलं. एक पहारेकरी खरा, एक खोटा. एकाला विचारायचं, दुसरा काय सांगेल, आणि उत्तर उलटं धरायचं. अब्रू भरून काढायची हीच वेळ. काजं करत बसलेल्या पोराला मी विचारलं, "मास्तरांना विचारलं, माझा ब्लाउज झाला का, तर ते काय म्हणतील?"

पोरगं मान वर न करता म्हणालं, "म्हणतील, नाही झाला."

"म्हणजे झालाय!" मी आजींकडे बघून जाहीर केलं आणि ऐटीत पुन्हा बाकड्यावर बसले. पाऊण तास. आजी परकर घेऊन गेल्यासुद्धा.

मास्तर आले. "झालाच ताई, फक्त हुक राहिलेत." भाचीने फळीवरची पिशवी खाली ओढली. आत माझं कापड, घडीसुद्धा न मोडलेलं. बेतलेलंही नव्हतं! हुक लावणार होता कशाला, पिशवीला?

"आत्या," भाची रस्त्यात म्हणाली, "ती युक्ती एक खरा आणि एक खोटा असेल तरच चालते. इथे दोघंही खोटारडे होते."

म्हणजे माझं पहिलं उत्तर फक्त चुकीच्या बेटावर दिलं गेलं होतं. हे मी तिला सांगितलं, तर हसत सुटली. वर घरी जाऊन माझ्या भावाला सगळं रंगवून सांगितलं.

आज सकाळी मास्तरांना फोन केला. हुकच राहिलेत म्हणाले. शिलाईचे साडेसहाशे मात्र पावतीवर अगदी खरे लिहिलेत, अस्तराचे वेगळे.