नवीन आहेस ना? मग हीलर तूच घे!

डंजन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजे टेबलाभोवती बसून एकेक पात्र घेऊन खेळायचा गेम, त्यात दर वेळी हेच. नवीन कोणी खेळायला बसलं, अजून त्याला कुठला डाइस टाकायचा तेही कळत नाही, की जुनी मंडळी सुरू, "आपल्याकडे क्लेरिक नाहीये, तू घे ना". (क्लेरिक म्हणजे मंत्रांनी जखमा बऱ्या करणारं पात्र, हीलर.) का रे बाबा?? स्वतःला कंटाळा येतो म्हणून नवख्याच्या गळ्यात धोंड!

गेमच्या 2014 च्या नियमांत क्लेरिकसमोर अख्खी स्पेल लिस्ट (मंत्रांची यादी), त्यातून रोज कुठले स्पेल तयार ठेवायचे ते ठरवा, स्लॉट (किती स्पेल टाकता येतात तो कोटा) मोजा, काँसन्ट्रेशन (चालू स्पेल टिकवायला लागणारं लक्ष) सांभाळा, आणि हे म्हणे सोपं. फायटर द्या की त्याला, हिट डाइस (ज्यावरून पात्राचा जीव ठरतो) 10 बाजूंचा, तलवार चालव, मजा कर. पण नाही.

आणि सतत हील करत बसायची गरज तरी कुठेय? पडलेला माणूस 1 हिट पॉइंट (जीवाचा गुण) मिळाला तरी उठतो, हीलिंग वर्ड हे बरं करणारं स्पेल 60 फुटांवरून बोनस अ‍ॅक्शनमध्ये (मुख्य कृतीशिवायच्या छोट्या जादा कृतीत) होतं, आणि ते बार्ड नि ड्रुइड या दुसऱ्या पात्रांकडेपण असतं!

वर "टँक (पुढे राहून सगळा मार झेलणारा) हवाच" वाले वेगळेच. अरे हे काय एमएमओ (हजारो जण एकत्र खेळतात तो ऑनलाइन गेम) आहे का? ओगर राक्षसाला टँकमध्ये इंटरेस्ट नसेल तर तो सरळ बाजूने चालत जाऊन विझार्डला तुडवतो, टँकला रिअ‍ॅक्शन एकच (शत्रूच्या चालीत मारायची संधी), एक वार करणार नि बघत बसणार. (तो विझार्ड बहुतेक वेळा मीच असतो, असो.)

एकदा तरी विचारा ना त्याला, "तुला काय खेळायचंय?"